भगवान मांढरे यांची बरी झालेली मान

भगवान मांढरे यांचं डोकं दुखत होतं. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पन्नास किलोचं पोतं मानेवर घेऊन ट्रकमधून गाळ्यात आणि गाळ्यातून टेम्पोत टाकणाऱ्या माणसाचं डोकं दुखावं, यात बातमी होण्यासारखं काही नाही. पण भगवानचं डोकं अगदी रीतसर दुखत होतं. सकाळी पहिल्या पोत्याबरोबर मानेच्या मुळाशी कळ निघायची, कवटीच्या मागून चढत चढत उजव्या डोळ्यामागे जाऊन बसायची, आणि मार्केट बंद झालं तरी ती जागा सोडायची नाही. इतक्या नियमितपणे त्या काळात बेलापूरच्या कुठल्याही कार्यालयात कुणी आपल्या खुर्चीवर बसत नव्हतं.

उपाय सगळे झाले होते. बायकोने, म्हणजे पुतळाने, मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढली. गाळ्यावरच्या शेठने पित्ताची गोळी दिली. तुर्भ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरने चष्मा दिला, तो पहिल्याच दिवशी पोत्याखाली गेला. गावाकडून, खटाव तालुक्यातून, कुणीतरी कसलासा पाला पाठवला. तो कपाळाला लावायचा की पोटात घ्यायचा हे सांगायला पाठवणारा विसरला होता, म्हणून भगवानने दोन्ही केलं. डोकं दुखायचं थांबलं नाही, पोट मात्र दुखायला लागलं.

या सगळ्या काळात त्याच्या घरची चूल पेटत राहिली ती टोळीमुळे. मार्केटात हमाल एकटा नसतो. तो टोळीत असतो, टोळीला मुकादम असतो, आणि दिवसभराची जी हमाली येईल ती टोळीत सारखी वाटली जाते. कुणी जास्त पोती उचलली, कुणी कमी, कुणाला ताप होता, कुणी बारशाला गेला होता, असलं काही बघायचं नाही. भगवान गेले कित्येक महिने अर्धी पोती उचलायचा आणि उरलेला वेळ फाटक्या पोत्यांची तोंडं शिवत बसायचा, पण संध्याकाळी त्याच्या हातावर इतरांएवढाच वाटा पडायचा. टोळीच्या कायद्याविरुद्ध ब्र काढायला त्याची जीभ कधी वळली नसती. त्या कायद्याचं मीठ त्याने खाल्लं होतं.

आणि कायद्याला अपवाद नव्हता. एका दिवाळीला शेठने टोळीला एक मिक्सर दिला, तर तो आठवड्याआठवड्याने बारा घरं फिरला. तेराव्या आठवड्यात पहिल्या घरी परत आला तेव्हा त्यातून नुसता आवाज निघत होता. मुकादम आप्पा जगदाळे यांनी निकाल दिला की आवाजही सारखाच वाटून घ्यायचा, आणि मिक्सर पुन्हा फिरू लागला.

शेवटी भगवान कामगारांच्या दवाखान्यात गेला. तिथे नुकत्याच एक फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या होत्या, डॉक्टर प्रियदर्शिनी. अंगाने चिमणीएवढ्या, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, हनुवटीवर लहानपणी पडल्याची खूण, आणि बोलणं असं भरभर की पेशंटला आपलं दुखणं सांगायला फट सापडायची नाही. त्यांनी भगवानला पालथं झोपवलं, बोटांनी मान चाचपली आणि कवटीखाली उजवीकडे एका जागी असा अंगठा दाबला की भगवानच्या तोंडून कुलदैवताचं नाव निघालं.

"डोळ्यामागे कळ गेली?" मॅडमनी विचारलं.

"गेली की! तुमाला कसं कळलं?"

"दुखतंय डोकं, पण बिघाड मानेत आहे. वरच्या मणक्यांजवळचा त्रास डोक्यात पोहोचतो."

हे भगवानला ताबडतोब पटलं. गाळ्यात वजनाची चूक शेठची असते आणि शिव्या हमालाला बसतात, हे तो रोजच बघत होता.

मॅडमनी उपचार लिहून दिला. दवाखान्यात एक नवंकोरं यंत्र आलं होतं. त्यातून लाल उजेडाची बारीक तिरीप निघायची, ती दुखऱ्या जागी ठरावीक वेळ धरायची. याला प्रकाशोपचार म्हणत. भगवानला बारा बैठका दिल्या आणि बैठका संपेपर्यंत ओझं उचलायचं नाही अशी चिठ्ठीही दिली. "बारा म्हणजे बाराच. मध्ये सोडू नका. तुमची मान बरी होण्यासारखी आहे," त्या म्हणाल्या. बरी होण्यासारखी आहे, हे शब्द भगवानने इतक्या दिवसांत पहिल्यांदा ऐकले. बसस्टॉपपर्यंत तो जवळजवळ पळत गेला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने टोळीला सगळं सांगितलं.

"उजेडानं डोकं थांबतंय?" एकाने विचारलं. "मंग आमी दिसभर उन्हात काय करतुया?"

"साधा उजेड न्हाई. लाल हाय. जर्मनीचा."

"पैसं किती?"

"फुकाट."

जर्मनी आणि फुकट हे दोन शब्द पाठोपाठ आल्यावर टोळीने जेवणाचे डबे बाजूला सारले. सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांच्या मिशा पांढऱ्या, भरघोस आणि पानाने कडेला तांबड्या झालेल्या होत्या. निकाल द्यायच्या आधी ते त्या दोन्ही बाजूंनी खाली ओढायचे. त्यांनी ओढल्या.

"टोळीच्या माणसाला कामाच्या ठिकानी फुकाट मिळालं, म्हंजी ती मिळकत," आप्पा म्हणाले. "अन् मिळकत म्हंजी वाटनी. बारा बैठका, बारा मानसं. देवानंच हिशेब करून धाडलाय."

भगवानने हातातली भाकरी खाली ठेवली. "पर आप्पा, डोकं माजं दुखतंय."

"तुजं दुखतंय म्हनून तर मिळालं. परवा ट्रकवाल्यानं फनस दिला तो कुनाच्या हातात दिला? विश्वजितच्या. मंग काय यकट्या विश्वजितनं खाल्ला व्हय?"

त्या फणसाचे गरे भगवाननेही खाल्ले होते, आणि गोड निघाले म्हणून वर आठळ्याही घरी नेल्या होत्या.

"बरं मंग," तो कसाबसा म्हणाला, "पयली बैठक तरी माजी."

आप्पांना मनापासून वाईट वाटलं. "आरं, दुखनं तुज्या घरचं. तू यजमान. यजमान कधी पयल्या पंगतीला बसतो का?"

अशा रीतीने पहिल्या बैठकीला भगवान मांढरे म्हणून आप्पा जगदाळे गेले.

हे कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही, असं विचारणाऱ्याला दवाखाना ठाऊक नाही. उजेडाने डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून खोली काळोखी केली होती, आणि पेशंटने व मॅडमनी दोघांनीही काळे गॉगल लावायचे असा नियम होता. पेशंट पालथा, तोंड टेबलाच्या भोकात. त्यातून दवाखान्याचे अधीक्षक डॉक्टर उदयसिंह यांनी एक परिपत्रक काढलं होतं. 'सदर विभागात महिला अधिकारी पुरुष रुग्णांवर उपचार करीत असल्याने, उपचारासाठी आवश्यक तेवढाच अवयव दृष्टीस पडेल अशी व्यवस्था करण्यात यावी.' त्यानुसार टेबलावर हिरवा पडदा आला आणि पडद्याला मानेएवढी खिडकी पाडण्यात आली. मॅडमना पेशंट असा दिसतच नव्हता. त्यांना मान दिसायची.

राहता राहिल्या दारावरच्या गिरजाबाई. त्या दिवाळे गावच्या. सकाळी खाडीवर मावरं विकून दुपारी ड्यूटीला यायच्या, कपाळावर ठसठशीत गोंदण आणि नजर अशी की पापलेट शिळं असेल तर टोपलीला हात न लावता सांगतील. रोज निराळा भगवान मांढरे आत सोडताना त्यांना सगळं दिसत होतं. आठवड्याने भगवानने हळूच विचारलंही, "बाई, तुमी कुनाला बोलला न्हाई?"

"मी कागुद बगतंय," गिरजाबाई म्हणाल्या. "कागुद तोच हाय. तोंडां बगाचा माजा काम नाय. त्याचा पगार मना भेटत नाय."

आत मात्र विज्ञान पुढे सरकत होतं. डॉक्टर प्रियदर्शिनी प्रामाणिक होत्या, जे दिसेल तेच लिहायच्या, दर बैठकीला मानेचा फोटोही फाइलला लावायच्या, आणि तिथेच घोटाळा झाला. पहिल्या बैठकीला त्यांनी लिहिलं की मान जाड, केस पांढरे, डाव्या बाजूला वाटाण्याएवढी चामखीळ. दुसऱ्या दिवशी खिडकीत मान आली तिच्यावर चामखीळ नव्हती. मॅडमनी गॉगल काढून पुसला, पुन्हा लावला. चामखीळ नव्हतीच. त्यांनी तशी नोंद केली. तिसऱ्या बैठकीला केस काळे झाले. चौथ्या बैठकीला मानेवर मारुतीचं गोंदण उगवलं. पुस्तकात असलं काही नव्हतं, पण पुस्तकं थंड देशातल्या मानांवर लिहिलेली असतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पाचव्या बैठकीला मारुती गेला.

दर वेळी त्या विचारायच्या, "डोकं कसं आहे?" आणि पडद्याखालून उत्तर यायचं, "झ्याक हाय. अजिबात दुखत न्हाई." टोळीतला एकही माणूस खोटं बोलला नाही. त्यांची डोकी खरंच दुखत नव्हती.

भगवान या दिवसांत मार्केटात माल उतरवायच्या धक्क्यावर पोती शिवत बसायचा आणि बैठकीवरून येणाऱ्याला विचारायचा, "कसं वाटतंय?" एक म्हणायचा, न्हाणीघरात ऊन पाणी मानेवर घेतल्यागत. दुसरा म्हणायचा, काहीच वाटत नाही, पण झोप मस्त लागते. विश्वजित, टोळीतला सगळ्यांत तरणा, उंटासारखा उंच आणि दातांत फट असलेला, तो तर म्हणाला, "दादा, कानामागची खाज ग्येली बग माजी." भगवान मान डोलवायचा, आणि डोलवली की कळ डोळ्यात जायची. पण त्याची पंगत येणार होती. शेवटची का असेना, बसल्यावर पानात काहीतरी पडेल, या आशेवर तो होता.

अकरावी बैठक विश्वजितची होती. मॅडमना खिडकीत गोरी, लांब, सुरकुती नसलेली मान दिसली. त्यांनी हळूच विचारलं, "भगवानराव, डोकं?"

"मॅडम, आईची आन. माजं डोकं जन्मात कधी दुखलं न्हाई."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लिहिलं, 'रुग्णास पूर्वीच्या वेदनेचे स्मरणही उरलेले नाही.' कागद अधीक्षकांकडे गेला. अधीक्षक उदयसिंह हे रुंद, तुकतुकीत गृहस्थ होते. केसांना कलप, गालावर खळी, आणि कॅमेरा कुठून येईल याचा नेम नसल्यामुळे चेहरा कायम किंचित हसरा ठेवलेला. त्यांनी कागद वाचला आणि शेरा मारला, 'रुग्ण मुदतीपूर्वी पूर्ण बरा. बारावी बैठक रद्द करून प्रकाशाची बचत करावी. केस बंद.'

दुसऱ्या दिवशी भगवान धुतलेला सदरा घालून, मानेला साबण लावून दवाखान्यात हजर झाला.

"केस बंद झायली," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी अडचण होती.

"मंग उघडा की."

"ती सायबच उघडतील. जा वर."

वर अधीक्षकांच्या खोलीबाहेर भिंतीवर मोठ्या आकाराचे दोन फोटो लागले होते. एकाखाली लिहिलं होतं 'उपचारापूर्वी', ती आप्पांची मान होती. दुसऱ्याखाली 'उपचारानंतर', ती विश्वजितची. मथळा होता 'भगवान मांढरे, एक प्रकाशमय यश'. भगवानने त्यातलं स्वतःचं नाव बोट लावून वाचलं.

"मी भगवान मांढरे," तो आत जाऊन म्हणाला.

अधीक्षकांनी फाइलमधून डोकं वर केलं नाही. "वळा."

भगवान वळला. मग साहेब उठले, आणि फाइलमधल्या फोटोंशी त्याची मान ताडून बघू लागले.

"चामखीळ दिसत नाही."

"न्हाई, सायेब."

"म्हणजे तुम्ही उपचारापूर्वीचे भगवान मांढरे नव्हे. बरं, मान लांबही नाही. केस अर्धे पांढरे. म्हणजे उपचारानंतरचेही नव्हे." साहेबांनी शांतपणे विचारलं, "मग तुम्ही नक्की कधीचे भगवान मांढरे?"

"मी आत्ताचा हाय, सायेब. डोकं आत्ता दुखतंय."

"भगवान मांढरे यांचं डोकं दुखत नाही. तसं नमूद आहे." साहेबांचा सूर मवाळ झाला. "हे बघा, यश मिळालं की नावावर हक्क सांगणारे निघतात. मी तक्रार करणार नाही. या."

खरं सांगून टाकावं असं भगवानच्या ओठांवर आलं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे अकरा जणांनी खोट्या नावाने उपचार घेतले हे सांगायचं. मग आप्पांचं मुकादमपण जाईल, पोरांचे हमालीचे बिल्ले जातील. ज्यांनी त्याला न उचललेल्या पोत्यांचे पैसे दिले, त्यांना तो कसा पकडून देईल? तो तसाच जिना उतरला.

घरी पुतळाच्या हाती दवाखान्याचं अभिनंदनाचं पत्र आधीच पडलं होतं. तिने ते देवापाशी ठेवून साखर वाटली होती.

"आगं, पर दुखतंय अजून."

"सरकारी शिक्का हाय," पुतळा म्हणाली. "तुमाला सवय झाली असंल दुखायची. जाईल हळूहळू."

इकडे फोटो बोलू लागले होते. चामखीळ जाते, केस काळे होतात, मान लांब होते, हे कळल्यावर वाशीतल्या सोसायट्यांमधून रिक्षा भरभरून बायका येऊ लागल्या. मग न्हावा शेव्याचे कस्टम एजंट आले, कारण त्यांना मान वाकवण्याचं काम फार. मग मोठ्या कार्यालयांतले अधिकारी आले. मान गोरी आणि लांब असणं हे त्या वर्षी इतकं चाललं की लग्नाच्या जाहिरातीत 'प्रकाशोपचारित' असा शब्द दिसू लागला. कामगारांच्या दवाखान्यात कामगारांना वेळ मिळेना. त्यावर अधीक्षकांनी तोडगा काढला. ज्यांच्या मानेवर रोज ओझं असतं त्यांच्या माना लगेच पुन्हा बिघडतात, सबब त्यांच्यावर खर्च होणारा प्रकाश वाया जातो, असा अभिप्राय देऊन त्यांनी हमालांना प्रतीक्षा यादीवर टाकलं.

आणि भगवान बरा झाल्यामुळे त्याची ओझं न उचलायची चिठ्ठी रद्द झाली. एवढ्यावरही भागलं नाही. बरा झालेला भगवान बघायला लोक मार्केटात येऊ लागले. गाळेवाले शेठ कौतुकाने सांगायचे, "भगवानला बोलवा, दोन पोती एकदम द्या, बघा कशी पेलतो!" भगवान पोती घ्यायचा. कळ डोळ्यामागे जाऊन बसायची आणि सगळा धक्का डोळ्यांपुढे पांढरा व्हायचा. बघे टाळ्या वाजवायचे. बघे गेले की टोळी धावून यायची आणि त्याच्या वाट्याची उरलेली पोती आपसात वाटून घ्यायची.

एका दुपारी भगवान पोत्यांच्या थप्पीमागे डोकं धरून ओकताना आप्पांना दिसला. आप्पा शेजारी बसले. त्यांनी मिशांना हात लावला नाही.

"भगवान, लई दुखतंय?"

"व्हय."

"द्येता आलं आसतं तर आमी बारा जनांत वाटून घ्येतलं आसतं रं."

"ठाव हाय, आप्पा."

म्हातारा रडायला लागला. टोळीत आजवर आलेली प्रत्येक गोष्ट त्याने वाटली होती, आणि ही एकच त्याला वाटता येईना. जिची वाटणी व्हायला नको होती तिची मात्र त्यानेच केली होती. थोड्या वेळाने त्याने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "त्यांनी सत्कार ठिवलाय तुजा. मंत्री येनार हायेत. तू जा. माइक हातात आला की जे हाय ते सांग. आमचं काय व्हईल ते हू दे."

सत्कार वाशीच्या एका सभागृहात झाला. व्यासपीठावर मधोमध खुर्ची होती, प्रेक्षकांकडे पाठ करून ठेवलेली, कारण सत्कार मानेचा होता. दारावर निमंत्रणाचा कागद दाखवून भगवान आत आला आणि त्या खुर्चीवर मागच्या पडद्याकडे तोंड करून बसला. मागून हार आला. हार मंत्रिमहोदयांना शोभेल असा, म्हणजे अर्ध्या पोत्याच्या वजनाचा होता. भाषणं झाली. प्रकाश, अंधार, एकविसावं शतक आणि नवी मुंबई यांचा परस्परसंबंध सांगून झाला. मग अधीक्षक म्हणाले, "आता डॉक्टर प्रियदर्शिनी प्रत्यक्ष मान दाखवतील."

या वेळी गॉगल नव्हते, पडदा नव्हता. मॅडमनी हार बाजूला केला, सवयीने बोटं टेकवली आणि कवटीखाली उजवीकडे अंगठा दाबला. भगवानच्या तोंडून कुलदैवताचं नाव निघालं.

मॅडमचा हात तसाच राहिला. बोटं ती जागा ओळखत होती. "तुम्ही?" त्या पुटपुटल्या. "तुम्ही तर पहिल्या दिवशी... तुमचं डोकं दुखतंय."

"दुखतंय, मॅडम. मला उजेड लागलाच न्हाई."

डॉक्टर प्रियदर्शिनी प्रामाणिक होत्या हे वर सांगितलंच आहे. त्या माइकपाशी गेल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, "ही मान बरी झालेली नाही."

भगवानचा जीव भांड्यात पडला. तो उठून वळू लागला, आप्पा तिसऱ्या रांगेत उभे राहिले. पण अधीक्षक उदयसिंह कुणाच्याही आधी माइकपाशी पोहोचले होते.

"शाब्बास!" ते म्हणाले. "मित्रहो, याला म्हणतात शास्त्रीय दृष्टी! एक तोतया तुमच्याआमच्या डोळ्यांत धूळ टाकून सन्मानाच्या खुर्चीपर्यंत आला, पण मॅडमच्या बोटांनी त्याला पकडलं. मान बरी झालेली नाही, म्हणजेच हा भगवान मांढरे नाही. या प्रसंगी जाहीर करायला आनंद वाटतो की मॅडमची नेमणूक आजपासून कायम करण्यात येत आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमनी तोंड उघडलं. टाळ्या थांबेनात. टाळ्या थांबेपर्यंत त्यांनी ते पुन्हा मिटलं होतं. गावी आजारी वडील होते, तीन वर्षं या ना त्या दवाखान्यात हंगामी नोकरी होती. त्या चष्मा पुसत खाली बसल्या आणि नंतर बराच वेळ पुसतच राहिल्या.

तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "साहेब, ती फोटोतली मान! ती बघा, चौथ्या रांगेत!" लोकांनी विश्वजितला उचलून वर आणलं. तो "मी न्हाई, मी न्हाई" म्हणत होता, ते नम्रतेत जमा झालं. आप्पा घसा फोडून खरं काय ते सांगत होते, ते जल्लोषात जमा झालं. हार एका मानेवरून दुसऱ्या मानेवर गेला. दोन स्वयंसेवकांनी भगवानला दंडाला धरून, तसं सभ्यपणेच, बाजूच्या दाराने बाहेर सोडलं.

भगवान आजही मार्केटात आहे. कागदोपत्री बरा आहे. दवाखान्यात दुसऱ्या नावाने गेला तर दुसऱ्या नावाची मान तपासतात, आणि स्वतःच्या नावाने गेला तर तो स्वतः नाही असं ठरतं.

आता तुम्ही म्हणाल, काय माणसं ही! मॅडम, अधीक्षक, मंत्री, एवढं भरलेलं सभागृह, आणि एकालाही त्या माणसाच्या तोंडाकडे नीट बघावंसं वाटलं नाही? अगदी बरोबर. फक्त एक सांगा. आप्पा, मॅडम, गिरजाबाई, साहेब, विश्वजितसुद्धा, सगळ्यांचे चेहरे तुम्हाला इथे दाखवले. भगवान दिसायला कसा आहे? गोरा की काळा, मिशी आहे की नाही, हसला तर कसा दिसतो? इथवर वाचलंत, एकदा तरी विचारावंसं वाटलं का?

हरकत नाही. वाशीला कांदे घ्यायला आलात की "बाजू, बाजू" असं ओरडत तो तुमच्या अंगावरून जाईलच. तुम्ही कपडे सांभाळत बाजूला व्हाल. पोत्याखाली तो वाकलेला असेल, तुम्हाला मान दिसेल.